लक्षण, निदान आणि संप्राप्ती : दूरचित्रवाणी संचाच्या वीजपुरवठ्यासंबंधीच्या दुरुस्तीलेखनाची चिकित्सा

दुरुस्तीविषयक लेखनाकडे वाङ्मयचिकित्सेच्या दृष्टीने पाहण्याची प्रथा आपल्याकडे नाही. शास्त्रीय निबंध, पाठ्यपुस्तके, परिभाषाकोश यांचा विचार थोडाफार झाला आहे; परंतु बिघडलेले यंत्र समोर ठेवून बसलेल्या माणसासाठी जे लिहिले जाते ते केवळ उपयुक्त या सदरात टाकून बाजूला सारले जाते. वस्तुतः या लेखनाची कसोटी इतर बहुतेक गद्यापेक्षा कठोर आहे. त्यातील विधान चुकीचे असेल तर वाचकाला त्याचा प्रत्यय तत्काळ येतो, आणि प्रसंगी तो प्रत्यय प्राणघातक असतो. एवढी जोखीम ज्या गद्याच्या माथी आहे त्याची तर्कपद्धती कोणती, त्याचे शब्द कितपत नेमके, हे तपासणे अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे समजण्याचे काही कारण नाही.

प्रस्तुत लेखात या लेखनाच्या एकाच प्रकाराचा विचार करावयाचा आहे. दूरचित्रवाणी संचातील स्विचिंग पॉवर सप्लाय बिघडला असता तो कसा तपासावा हे सांगताना कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलांत, धंदेशिक्षणाच्या टिपणांत आणि कारागिरांच्या वह्यांत तीन रकान्यांचे एक कोष्टक हमखास आढळते : लक्षण, संभाव्य कारण, उपाय. हा रचनाबंध इतका परिचित झाला आहे की तो एक विशिष्ट तर्कपद्धती गृहीत धरून चालतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती तर्कपद्धती या यंत्राच्या स्वभावाशी जुळणारी नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी यंत्राचा स्वभाव पाहू. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओ संचातील वीजपुरवठा साखळीसारखा होता. घरातील वीज ट्रान्सफॉर्मरमधून रेक्टिफायरकडे, तेथून फिल्टर कॅपॅसिटरकडे आणि पुढे संचाच्या निरनिराळ्या भागांकडे जाई. दोष शोधणारा एका टोकापासून मीटर घेऊन निघे आणि ज्या कडीपाशी व्होल्टेज नाहीसे होई त्या कडीच्या आसपास दोष आहे, असा निष्कर्ष काढी. हा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरे, कारण पुढच्या कडीचा मागच्या कडीवर होणारा परिणाम मर्यादित होता. मुंबई केंद्रावरून २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले त्या काळच्या कृष्णधवल संचांत स्विचिंग सप्लाय विरळाच असे. १९८२ नंतर रंगीत संचांचा प्रसार होत गेला तसतसा तो घरोघरी पोचला, आणि साखळीवर शिकलेल्या कारागिरासमोर अकस्मात एक वर्तुळ येऊन उभे राहिले.

वर्तुळ हा शब्द येथे अलंकारिक अर्थाने योजलेला नाही. या सप्लायमध्ये घरातील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज ट्रान्सफॉर्मरवाचून सरळच एकदिश केली जाते, आणि एका मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. एक ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. तिच्या स्पंदांतून फेराइटच्या लहानशा ट्रान्सफॉर्मरद्वारा, ज्याला आपले कारागीर ‘चॉपर’ म्हणतात, हवी ती व्होल्टेजे निर्माण होतात. ट्रान्झिस्टरने किती वेळ जोडलेले राहावे हे एक नियंत्रक ठरवितो, आणि तो हे ठरवितो ते शेवटच्या टोकाला प्रत्यक्ष किती व्होल्टेज निघाले हे पाहून. ती वार्ता ऑप्टोकपलरच्या प्रकाशातून त्याच्याकडे परत येते. हे झाले एक वर्तुळ. दुसरे त्याहून चमत्कारिक आहे. नियंत्रकाला स्वतःला लागणारी वीज त्याच चॉपरच्या एका जास्तीच्या वेटोळ्यातून येते. म्हणजे सप्लाय चालला तर नियंत्रकाला वीज मिळणार, आणि नियंत्रकाला वीज मिळाली तर सप्लाय चालणार. आपल्या नैयायिकांनी अन्योन्याश्रय हा तर्काचा दोष मानला आहे. येथे तो रचनेचा पायाच आहे. हे वर्तुळ प्रथम सुरू व्हावे म्हणून ३२५ व्होल्टपासून एक मोठ्या किमतीचा रेझिस्टर नियंत्रकाच्या छोट्या कॅपॅसिटरकडे नेलेला असतो. तो थेंबथेंब वीज साठवून नियंत्रकाला जागे करतो. पुढचा संसार त्याने आपला आपण चालवावयाचा असतो.

अशा यंत्राविषयी लिहावयाचे कसे, हा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वी दुरुस्तीलेखनाची एक परंपरा तयार झालेली होती. अमेरिकेत जॉन रायडर याची ‘परपेच्युअल ट्रबल शूटर्स मॅन्युअल’ ही खंडमाला १९३१ पासून निघू लागली. इंडियानापोलिस येथील हॉवर्ड सॅम्स यांच्या कंपनीने १९४६ पासून ‘फोटोफॅक्ट’ या नावाची संचवार टिपणे प्रसिद्ध केली. या लेखनाचा विशेष असा की त्याचा भर आराखड्यावर आणि मोजमापांवर होता. अमुक बिंदूवर निरोगी संचात किती व्होल्ट असतात, अमुक जागी किती ओहम दिसावेत, हे सांगून ते थांबे. पुढचा विचार वाचकाने करावयाचा. वाचक विचार करील, त्याला आराखडा वाचता येतो, एवढा विश्वास त्यात होता. पुढे कंपन्यांनी दुरुस्ती म्हणजे संपूर्ण पाटी बदलणे असे ठरविले, तेव्हा हा विश्वास अनावश्यक झाला. त्या रिकाम्या जागी लक्षणकोष्टक येऊन बसले. कोष्टक वाचकाला निरोगी यंत्र कसे चालते ते सांगत नाही. रोगी यंत्राचे काय काढावे आणि काय घालावे तेवढेच सांगते.

येथे आपल्याच एका जुन्या शास्त्राची परिभाषा साहाय्यक ठरते. माधवकराच्या ‘माधवनिदाना’त रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. निदान म्हणजे रोगाचे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे, तर रूप म्हणजे प्रकट लक्षण. उपशय म्हणजे औषध अथवा पथ्य देऊन पाहणे आणि बरे वाटते की नाही यावरून रोग ओळखणे. आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कोणत्या क्रमाने पोचला त्याचा वृत्तान्त. ही परिभाषा विजेच्या यंत्राला लावण्यात कोणाला ओढाताण वाटेल. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट स्वच्छ दिसते. दुरुस्तीच्या कोष्टकात रूप आहे, निदान आहे आणि ‘बदलून पाहा’ या स्वरूपात उपशय आहे. संप्राप्तीचा रकाना मात्र नाही. पूर्वरूपही नाही, वास्तविक संच पूर्ण बंद पडण्यापूर्वी काही आठवडे तो सुरू होण्यास वेळ लावीत होता की काय, ही माहिती मालकाला विचारली असता सहज मिळते आणि पुष्कळदा निम्मे काम करते. परंतु ते असो. संप्राप्ती नसल्यामुळे काय घडते ते एका ओळीच्या आधारे पाहू.

पुष्कळ कोष्टकांत ही ओळ या ना त्या शब्दांत असते : संच सुरू होत नाही, सप्लायमधून टिकटिक असा आवाज येतो, नियंत्रकाचा कॅपॅसिटर खराब, बदलावा.

ही टिकटिक कशाने होते? नमुन्यादाखल यू.सी. ३८४२ हे नियंत्रक घेऊ. युनिट्रोड कंपनीचे हे नियंत्रक संगणकांच्या पडद्यांत आणि दूरचित्रवाणी संचांत फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्याला पुरवलेले व्होल्टेज सुमारे १६ झाले की ते जागे होते, आणि १० च्या खाली गेले की झोपी जाते. समजा, सुरुवातीचा रेझिस्टर २२० किलोओहमचा आहे आणि कॅपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा. ३२५ व्होल्टवरून त्या रेझिस्टरमधून साधारण १.४ मिलीअँपिअर प्रवाह येईल. त्यातील सुमारे अर्धा मिलीअँपिअर झोपलेल्या नियंत्रकालाच लागतो. उरलेल्याने कॅपॅसिटर १० पासून १६ पर्यंत भरण्यास एका सेकंदाचा सुमारे तिसरा भाग लागेल. जागे होताच नियंत्रक आणि त्याने चालवावयाचा ट्रान्झिस्टर मिळून पंधराएक मिलीअँपिअर ओढू लागतात. रेझिस्टर एवढे देऊ शकत नाही. म्हणून साठा संपण्यापूर्वी, म्हणजे सुमारे १९ मिलीसेकंदांच्या आत, चॉपरच्या जास्तीच्या वेटोळ्याने पुरवठा हाती घेतला पाहिजे. घेतला तर संच चालू होतो. न घेतला तर व्होल्टेज १० च्या खाली जाते, नियंत्रक झोपते, कॅपॅसिटर पुन्हा भरू लागतो, आणि हा खेळ अखंड चालतो. प्रत्येक प्रयत्नाला चॉपर एक क्षीण आवाज करतो. तीच टिकटिक.

आता हा वृत्तान्त हाती आल्यावर कोष्टकातील कारणाची काय स्थिती होते ते पाहा. कॅपॅसिटर सुकून ४७ चा ५ मायक्रोफॅरड झाला असेल तर मिळणारी मुदत १९ ऐवजी दोन मिलीसेकंदांवर येते, वेटोळे वेळेवर पोचत नाही, आणि सप्लाय टिकटिक करतो. कोष्टक खरे ठरले. परंतु वेटोळ्यामागचा छोटा डायोड तुटला असेल तरी हेच होईल. आणि संचाच्या पलीकडच्या बाजूला हॉरिझॉन्टल आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल, अथवा तिकडचा एखादा रेक्टिफायर डायोड शॉर्ट झाला असेल, तरीही हेच होईल. कारण सर्व वेटोळी एकाच गाभ्यावर आहेत, एकीवर भार पडला की दुसरीचेही व्होल्टेज वर येऊ शकत नाही. म्हणजे एकाच लक्षणाच्या पोटी निदान चार कारणे, आणि त्यांतील दोन तर सप्लायच्या मुख्य वर्तुळापासून दूर, संचाच्या पार दुसऱ्या टोकाला. कोष्टकाने एक निवडले, ते बहुधा आढळते म्हणून. पण बहुधा आढळणे म्हणजे व्याप्ती नव्हे.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात नेमकी हीच शंका घेतलेली आहे. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस पडला असे आपण अनुमान करतो. परंतु नदी पुढे कोठे अडविली गेली असेल तरी पाणी चढते, मग हे अनुमान प्रमाण कसे? पूर्वपक्षाची ही शंका कोष्टकावरही तशीच्या तशी लागू पडते. सिद्धान्त्याचे उत्तर अधिक मोलाचे आहे. नुसते पाणी चढणे हे मुळात लक्षणच नव्हे, असे तो म्हणतो. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, पाने, फळे, लाकडे वाहून येत असतात. या विशेषांनी युक्त असा पूर हेच पावसाचे लक्षण. अडविलेल्या नदीच्या फुगवट्याला हे विशेष नाहीत. लक्षण स्थूल ठेवले तर व्यभिचार होतो. सूक्ष्म केले तर होत नाही.

टिकटिकीला हेच लावू. वरील हिशेबावरून असे दिसते की भाराखाली दबलेला परंतु निरोगी कॅपॅसिटर असलेला सप्लाय सेकंदाला तीनच्या आसपास टिका देईल. कॅपॅसिटर दहाव्या हिश्शावर आला असेल तर भरण्याची मुदतही तितकीच घटते आणि सेकंदाला तीसच्या घरात टिका पडून आवाज टिकटिक न राहता चिरचिर होतो. आकडे संचागणिक बदलतील, पण दोहोंतील भेद कानांना कळतो. आणि सुरुवातीचा रेझिस्टरच वाढून मेगओहमच्या घरात गेला असेल तर येणारा प्रवाह झोपलेल्या नियंत्रकालाच पुरणार नाही, आणि संच काहीच बोलणार नाही. म्हणजे निःशब्दता, टिकटिक आणि चिरचिर ही तीन वेगळी रूपे आहेत. ज्याला संप्राप्ती ठाऊक आहे त्याला ती वेगळी ऐकू येतात. ज्याला केवळ कोष्टक ठाऊक आहे त्याला ‘सप्लाय चालत नाही’ एवढेच ऐकू येते.

अर्थात कानावर विसंबून निर्णय देणे हे शास्त्र नव्हे. वर्तुळाच्या बाबतीत निर्णायक पद्धती एकच : वर्तुळ एका ठिकाणी, आणि सुरक्षित रीतीने, तोडून उरलेला भाग वेगळा चालवून पाहणे. घरची वीज पूर्ण काढून टाकावी, मोठा कॅपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करावी, आणि नियंत्रकाला बाहेरून, प्रयोगशाळेतील सप्लायवरून, १७ व्होल्ट द्यावेत. ते निरोगी असेल तर आठव्या पायावर ५ व्होल्ट दिसतील, चौथ्या पायावर करवतीच्या दातांसारखी लहर दिसेल, सहाव्या पायावर स्पंद निघतील. आणि हे सर्व ३२५ व्होल्टवाचून, म्हणजे जिवाला धोका न देता. दुसऱ्या बाजूला हॉरिझॉन्टल आउटपुटचा भार सोडवून त्याच्या जागी ६० वॅटचा तंतूचा बल्ब जोडावा. ११० व्होल्टच्या आसपासच्या त्या रेषेवर असा बल्ब सुमारे २० वॅट घेतो, आणि सप्लायला अंगावर बेताचा भार मिळतो. भार बदलताच टिकटिक थांबली तर दोष पलीकडे. न थांबली तर अलीकडे. यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. परंतु हे कोष्टकाच्या तिसऱ्या रकान्यात बसत नाही, कारण ही कृती उपाय नव्हे. ती प्रश्न विचारण्याची रीत आहे. कोष्टकाला प्रश्नाची जागाच नाही.

मात्र वर्तुळ कोठे तोडावे याचा विवेक नसेल तर हीच पद्धती घातक होते. ऑप्टोकपलरकडून येणारी वार्ता तोडून सप्लाय घरच्या विजेवर चालविला तर नियंत्रकाला वाटते की पलीकडे व्होल्टेज पोचतच नाही, आणि ते जोर वाढवीत जाते. पलीकडचे कॅपॅसिटर फुटेपर्यंत.

दुसरी ओळ थोडक्यात पाहू : फ्यूज उडतो, स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट, बदलावा. या ओळीची चूक कारण चुकीचे सांगण्यात नाही. ट्रान्झिस्टर खरोखरच शॉर्ट झालेला असतो. परंतु तो अपराधी आहे की बळी, हा प्रश्न तिने विचारलेला नाही. ट्रान्झिस्टर जळताना बहुधा आपल्या पायाखालचा लहान रेझिस्टरही जाळतो, आणि तो तुटला की ३२५ व्होल्टचा आघात नियंत्रकाच्या पायांवर येऊन तेही जाते. ही पडझडीची माळ झाली. तिचा आरंभ मात्र पुष्कळदा वेगळ्याच ठिकाणी असतो. चॉपरवरील व्होल्टेजाचे उसळते टोक शोषून घेणारा कॅपॅसिटर अथवा डायोड निकामी झालेला असतो, अथवा नियंत्रणाची वार्ता येईनाशी झालेली असते. केवळ ट्रान्झिस्टर बदलून संच सुरू करणारा कारागीर नवा ट्रान्झिस्टरही क्षणार्धात गमावतो. आणि मग ‘नकली पार्ट’ असा निष्कर्ष काढला जातो. बाजारात नकली पार्ट असतात हे खरेच. पण सर्व पापे त्यांच्या माथी मारणे योग्य नाही. फ्यूजची काच काळी पडली आहे की तार नुसती वितळून झुकली आहे, एवढे पाहिले तरी मोठा आघात झाला की दीर्घकाळ जास्त भार वाहिला याचा पुष्कळसा उलगडा होतो. ही निरीक्षणे अनुभवी कारागिरांच्या तोंडी असतात. छापील कोष्टकात ती क्वचितच उतरतात.

कोष्टकावर अन्याय होऊ नये म्हणून त्याच्या बाजूचे म्हणणेही मांडले पाहिजे, आणि ते दुबळे नाही. या सप्लायमध्ये इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर हा इतर सर्व भागांहून लवकर झिजणारा भाग आहे. उष्णता दहा अंशांनी कमी झाली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांवर दोन हजार तास टिकणारा कॅपॅसिटर ६५ अंशांवर बत्तीस हजार तास टिकावा. परंतु हीट सिंकला खेटून बसविलेला असेल आणि ८५ अंशांवर तापत असेल तर त्याला आठच हजार तास मिळतात. रोज सहा तास चालणाऱ्या संचात हा फरक साडेचौदा वर्षे आणि पावणेचार वर्षे इतका होतो. त्यात १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर बाजारात आले आणि जगभर कित्येक उपकरणांत ते डोके फुगून निकामी झाले. अशा स्थितीत ‘कॅपॅसिटर बदलून पाहा’ हा उपशय पुष्कळ वेळा यशस्वी होणार, आणि ज्याला दिवसाला दहा संच हातावेगळे करावयाचे आहेत तो त्यावर विसंबणार, यात नवल नाही. आक्षेप उपशयाला नाही; उपशयालाच ज्ञान समजण्याला आहे. बदलल्यावर संच चालला, यावरून तोच दोष होता हेही सिद्ध होत नाही. बदलताना शेजारचा सैल सांधा पुन्हा तापला आणि जुळला, असेही घडते. शिवाय सुकलेला कॅपॅसिटर वरून नेहमीच फुगलेला दिसत नाही, आणि साध्या मीटरवर त्याची क्षमता जवळजवळ पूर्ण दिसते. वाढलेला असतो तो त्याच्या आतला रोध, आणि तो मोजण्यास वेगळे उपकरण लागते. कोष्टकातील ‘खराब’ या एका शब्दात हे सर्व प्रकार कोंबलेले असतात.

दुरुस्तीच्या परंपरेतील ज्या साधनाचे मला मनापासून कौतुक वाटते ते म्हणजे सिरीज बल्ब. फ्यूजच्या जागी, अथवा संचाच्या वायरीत, शंभर वॅटचा तंतूचा बल्ब जोडून प्रथम वीज द्यावयाची. तंतू थंड असताना त्याचा रोध चाळीसेक ओहम असतो, आणि पूर्ण पेटला की पाचशेवर जातो. म्हणून दोष नसेल तर मोठा कॅपॅसिटर भरताना बल्ब एकदा झळकून मंद होतो, आणि शॉर्ट असेल तर तो लखलखीत पेटून राहतो व ट्रान्झिस्टरचा जीव वाचतो. टिकटिक होत असेल तर बल्बही लुकलुकतो. पन्नास रुपयांच्या आतील हे साधन बोलते, आणि खरे बोलते. परंतु येथेही कोष्टकवृत्तीने घोळ घातला आहे. ‘बल्ब पेटला म्हणजे शॉर्ट’ असे सूत्र पाठ केले जाते. स्विचिंग सप्लायचा एक विलक्षण गुण असा की त्याला व्होल्टेज कमी मिळाले तर तो तेवढीच शक्ती देण्यासाठी जास्त प्रवाह ओढतो. मोठ्या संचाला लहान बल्ब लावला तर बल्ब व्होल्टेज खातो, सप्लाय आणखी ओढतो, बल्ब आणखी तापतो, आणि सर्वथा निरोगी संच सुरूच होत नाही. परीक्षेने परीक्ष्य वस्तूच बदलली. हा धोका कोठल्याही चिकित्सेत असतो, साहित्यचिकित्सेतही. फक्त तेथे बल्ब पेटत नाही.

आता भाषेचा प्रश्न. ‘बिघाड’ हा आपला शब्द कारणालाही लागतो आणि परिणामालाही. ‘शॉर्ट’ हा शब्द तर दुकानांत कोणत्याही दोषाला लागतो, मग ती वस्तू तुटून उघडी पडलेली का असेना. याहून गंभीर शब्द आहे तो ‘अर्थ’. मराठी बोलणारा कारागीर ‘अर्थ’ म्हणतो तेव्हा त्याला तीन वेगवेगळ्या गोष्टी अभिप्रेत असू शकतात : भिंतीतून येणारी जमिनीची तार, सप्लायच्या विजेकडील बाजूची ऋण रेषा, आणि संचाच्या पलीकडील, लोखंडी सांगाड्याशी जोडलेली ऋण रेषा. यातील दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये चॉपर व ऑप्टोकपलर यांनी मुद्दाम भिंत उभारलेली असते. दुसऱ्या रेषेला हात लावणे म्हणजे घरातील विजेला हात लावणे होय. विजेकडील बाजू मोजताना मीटरची काळी तार तिसऱ्या रेषेवर ठेवली तर आकडा निरर्थक येतो. दुसरीवर ठेवली तर बरोबर येतो. ऑसिलोस्कोपची तार दुसरीवर ठेवली, आणि मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसला, तर त्या उपकरणाच्या जमिनीच्या तारेतून सरळ शॉर्ट होतो. म्हणजे ‘अर्थाशी धरून मोजा’ या वाक्याला तीन अर्थ आहेत आणि त्यांतील दोन धोक्याचे आहेत. शब्दांवर कोटी करण्याची ही जागा नव्हे, पण कोटी आयतीच झाली आहे. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली, आणि त्यानंतर परिभाषाकोशांचे मोठे काम महाराष्ट्रात झाले. तथापि संधारित्र म्हणावे की कॅपॅसिटर, या वादाने अद्याप कोणाला विजेचा धक्का दिलेला नाही. ‘अर्थ’ या शब्दाच्या शिथिल वापराने तो देता येतो. ‘तापती बाजू’ आणि ‘थंड बाजू’ हे जे इंग्रजीतून आलेले शब्द कारागिरांत थोडेबहुत रुळले आहेत ते मला यासाठी उपयुक्त वाटतात. पण मराठी टिपणांत ते सातत्याने वापरलेले दिसत नाहीत.

या संदर्भात कोष्टकाचा आणखी एक दोष नोंदविला पाहिजे. सुरक्षेची सूचना त्यात पहिल्या पानावर चौकटीत असते, आणि ओळींच्या आत कोठेही नसते. पण धोका ओळींतच असतो. चालू सप्लाय बंद केला तर तो आपल्याच कामाने मोठा कॅपॅसिटर बराचसा रिकामा करतो. जो सप्लाय मुळात सुरूच होत नाही तो मात्र ३२५ व्होल्ट पुष्कळ वेळ सांभाळून बसतो, कारण ते खर्च करणारे कोणी नसते. २२० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरवर ही शक्ती सुमारे साडेअकरा ज्यूल होते. म्हणजे ‘संच पूर्ण मृत’ ही ओळ सर्वांत निरुपद्रवी दिसणारी, आणि तीच सर्वांत धोक्याची. तेथेच ‘प्रथम मोठ्या वॉटेजच्या रेझिस्टरने रिकामा करा, स्क्रूड्रायव्हरने नव्हे, मग मीटरने पाहा’ असे छापलेले असावयास हवे.

युरोपीय संघाच्या १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी दूरचित्रवाणी संचाचा अंतर्गत पॉवर सप्लाय हा सात वर्षे सुट्या भागाच्या रूपाने उपलब्ध असलाच पाहिजे, असे ठरविले. आपल्याकडेही २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला. भाग मिळणे ही गोष्ट मोठीच आहे. परंतु भाग उपलब्ध करण्याच्या कल्पनेमागेही पुन्हा तोच तिसरा रकाना उभा आहे : संपूर्ण पाटी काढावी, संपूर्ण पाटी घालावी. आराखडा आणि निरोगी मोजमापे मिळण्याचा आग्रह त्यामानाने मंद आहे. रायडरच्या वाचकाला जे मिळत होते ते आजच्या कारागिराला सहजासहजी मिळत नाही.

आणि गरज तर वाढली आहे. सपाट पडद्याच्या मोठ्या संचांत आता एकाऐवजी तीन वर्तुळे असतात. सतत जागा असणारा लहान सप्लाय ५ व्होल्ट देतो. मुख्य पाटी त्यावर जागी होऊन चालू होण्याची आज्ञा देते. मग घरची वीज ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढविणारा टप्पा सुरू होतो, आणि त्याच्या पाठोपाठ मुख्य सप्लाय. कोष्टकात याची ओळ अशी असते : लाल दिवा लागतो, संच सुरू होत नाही, पॉवर बोर्ड खराब, बदलावा. येथे पहिला प्रश्न असा की आज्ञा आली की नाही. ती मुख्य पाटीकडून येणाऱ्या एका बारीक तारेवर मीटर ठेवून कळते. आज्ञाच आली नसेल तर पॉवर बोर्डाचा काही अपराध नाही. आली, मोठे व्होल्टेज चढले आणि दोन सेकंदांत पुन्हा उतरले, तर पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्टीतील एखादा दिवा गेल्यामुळे संरक्षण-योजनेने सर्व काही बंद केले असण्याचा संभव मोठा. आणि आज्ञा येऊनही व्होल्टेज जागचे हललेच नाही, तर मात्र पॉवर बोर्ड उघडावा. त्यातही प्रथम त्या चढविणाऱ्या टप्प्याच्या नियंत्रकाला स्वतःची वीज मिळते की नाही ते पाहावे, कारण ती वीज सतत जागा असणारा लहान सप्लाय देतो, आणि त्याचे ५ व्होल्ट नीट असूनही त्याच्याच दुसऱ्या वेटोळ्यावरील कॅपॅसिटर सुकलेला असू शकतो.